पितृवंश म्हणजे सगळे पूर्वज नव्हेत

‘वाय’ गुणसूत्राच्या चाचणीतून मूळपुरुष शोधण्याविषयीचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. तंत्र सोपे करून सांगितले आहे, मात्र चाचणीचा निकाल म्हणजेच ‘आपले कुळ’, हे पटले नाही. हे गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळपास जसेच्या तसे जाते, म्हणून त्याचा माग काढता येतो, हे खरे. पण दहा पिढ्या मागे गेल्यास प्रत्येकाचे १०२४ पूर्वज भरतात (मामेबहिणीशी लग्नाची रीत असलेल्या घरांत थोडे कमी). त्यांपैकी एकाच पुरुषाबद्दल ही चाचणी बोलते. बाकीच्यांबद्दल, म्हणजे सगळ्या आज्या-पणज्यांबद्दलही, ती काहीच सांगत नाही.

इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टर येथे वाहनतळाखाली सापडला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याची ओळख पटण्यास मदत झाली ती आईकडून येणाऱ्या मायटोकाँड्रियल डीएनएची. तो त्याच्या बहिणीच्या वंशजांशी जुळला. कागदोपत्री पितृवंशाने त्याचे भाऊबंद ठरणाऱ्या पाच पुरुषांपैकी मात्र एकाचेही ‘वाय’ गुणसूत्र त्याच्याशी जुळले नाही. त्या पाचांतील एकाचे तर उरलेल्या चौघांशीही जुळेना! राजघराण्याशी जोडलेली, पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवलेली ही वंशावळ; तरीही तिच्यात लिहिलेला बाप कुठेतरी खरा बाप नव्हता. पुरवणीतील लेखात आईकडच्या चाचणीला एक ओळही मिळू नये, याचे आश्चर्य वाटले.

– एक वाचक, नाशिक