टाकायच्या आधी बघायचंय का?

काका,

दोन वर्षं रोज समोर बसून डोकं खाल्लं, आता पत्र कसलं लिहिते, असं म्हणाल. पण परवा प्रबंध बांधून आला. ऋणनिर्देशात तुमच्या वाट्याला ‘एक अनुभवी तंत्रज्ञ’ एवढे तीनच शब्द आलेले पाहून मला ओशाळल्यासारखं झालं.

शास्त्रज्ञ रोज काम कसं करतात हे आत बसून पाहायचं होतं, म्हणून तुमच्याकडे येण्याआधी मी बऱ्याच प्रयोगशाळांचे उंबरे झिजवले होते. “मानववंशशास्त्र ना? मग आदिवासींकडे जा, इथे काय?” असं एका प्रमुखांनी तोंडावर सुनावलं. दुसऱ्यांनी चकचकीत यंत्रं दाखवून, चहा पाजून बोळवण केली. ब्रुनो लातूर हा फ्रेंच अभ्यासक असाच १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेत गेला, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख रॉजे गियमाँनी त्याला जवळजवळ दोन वर्षं आत वावरू दिलं. त्या गियमाँना १९७७ मध्ये नोबेलही मिळालं! हा दाखला मी सगळ्यांना ऐकवला. ढिम्म.

तुम्ही दाखला मागितलाच नाहीत. प्रवेश मिळाल्यावरही बाकीचे मला बोलवायचे ते निकाल छान आला की. तुमचा मात्र एका संध्याकाळी फोन आला, “ताई, आज पीसीआर फसलाय. जेल टाकायच्या आधी बघायचंय का?”

धावत आले. डीएनएच्या प्रती काढायचा हा प्रयोग जमला की नाही, ते जेलच्या लादीवर उमटणाऱ्या पट्ट्यांवरून कळतं, हे तुम्हीच शिकवलेलं. अतिनील प्रकाशात मार्करच्या, म्हणजे मापासाठी घातलेल्या तयार डीएनएच्या, पट्ट्या लख्ख, शेजारच्या सगळ्या रांगा कोऱ्या. मार्कर दिसतोय म्हणजे जेलचा दोष नाही, मग कोणाचा? प्रायमर (प्रत सुरू करून देणारा डीएनएचा तुकडा) जुना, नमुना खराब, नाहीतर काल रात्री भरणाऱ्याचा हात चुकला. अर्धा तास जुंपली होती. शेवटी वहीत दोन शब्द पडले, ‘पुन्हा करणे’. ‘फसलं’ हा शब्द कुठेच नाही. माझं तिसरं प्रकरण त्या दोन शब्दांवर उभं आहे.

साहेबांना कळलं असतं तर बोलणी तुम्हालाच बसली असती. ते ठाऊक असूनही तुम्ही फोन केलात, आणि नंतर एकदाही बोलून दाखवलं नाहीत. अशी माणसं प्रयोगशाळेतच काय, कुठेही विरळाच.

सतराव्या शतकातल्या रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाचा हवेचा पंप चालवणाऱ्या बहुतेक मदतनिसांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत, म्हणून मी तुमच्यासमोरच केवढी तणतणले होते! आणि आता आमच्या शास्त्राचा नियम असा, की ओळख उघड होऊ नये म्हणून नावं बदलायची. प्रबंधात तुम्ही वेगळ्याच नावाने आहात. इथेही नाव घालत नाही. फोनवरचं वाक्य मात्र जसंच्या तसं ठेवलंय. प्रत घेऊन येतेय, त्या पानाला खूण घातली आहे.