कुंभारकाका, तरस उभं राहिलं ते तुमच्यामुळे

काका, सप्रेम नमस्कार.

तरस, लांडगा आणि खवल्या मांजर ही माळरानावरच्या जनावरांची शिल्पं भट्टीतून धड बाहेर आली. समोर येऊन आभार मानले तर तुम्ही विषय बदलाल, म्हणून हे जाहीर पत्र. शिवाय तुम्ही सांगितलेलं मातीत जनावर घडवणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे, ते आमच्या वहीतच पडून राहू नये.

आधी मातीबद्दल. आपली काळी माती भिजली की फुगते आणि वाळताना भरपूर आकसते, नुसत्या तिच्यात मोठं शिल्प तडकतंच. तुम्ही बसवून दिलेलं मिश्रण सुक्या वजनाने असं: १० किलोत ६ किलो नदीकाठची गाळाची माती, अडीच किलो फुटक्या कौलांचा चुरा, १ किलो बारीक वाळू आणि अर्धा किलो वाळवून चाळलेली घोड्याची लीद. चुरा २ मिलिमीटरच्या आतला हवा. तो आधीच भाजलेला असल्याने आकसत नाही आणि तडेही रोखून धरतो. लीद भट्टीत जळून जाते, मागे बारीक पोकळ्या राहतात, त्यांतून पुढची वाफ निघते.

चुनखडीच्या खड्यांबद्दल तुम्ही बजावून सांगितलंत, त्याबद्दल विशेष आभार. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो, मग तो हवेतली ओल पिऊन फुगतो आणि चांगलं भाजलेलं शिल्प आठवड्याने पापुद्रे टाकायला लागतं. दोष भाजणीला दिला जातो, कारण मात्र मातीत असतं. म्हणून माती पातळ कालवून ६० नंबरच्या चाळणीतून गाळायची, कितीही कंटाळा आला तरी.

आकसण्याचा हिशेबही तुमचाच. ओल्या पट्टीवर १० सेंटिमीटरची रेघ ओढायची, पट्टी भाजून पुन्हा मोजायची. ती ९ भरली तर ४० सेंटिमीटरचं जनावर हवं असताना ओलं साडेचव्वेचाळीसच्या आसपास करावं लागतं.

पण खरी गोष्ट पोटाची. शिल्पकार भरीव जनावर करून मग ते कापून पोखरतात. तुम्ही तरसाचं धड चाकावर मडक्यासारखं ओढलंत, तोंड मिटवलंत आणि थापीने ठोकून खांदा वर, पुठ्ठा खाली असा उतार काढलात. भिंत सगळीकडे १० मिलिमीटर. पश्चिम बंगालमधल्या बांकुडा जिल्ह्यातल्या पांचमुड्याचे घोडेही असेच चाकावरच्या सुट्या भागांतून उभे राहतात. पोकळ पाय आणि मान जोडताना धडाला छिद्रं पाडून आतल्या पोकळ्या एकमेकींना जोडायच्या, पोटाखाली एक छिद्र उघडं ठेवायचं. शिल्प फुटतं ते आत अडकलेल्या हवेमुळे, असं सर्रास सांगितलं जातं. फोडते ती ओल: पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे १६०० पट जागा लागते.

लांडग्याचे पाय सगळ्यात अवघड. ते बारीक, म्हणून आधी वाळून आकसतात, धड अजून ओलंच असतं, आणि तडा नेमका जोडावर जातो. म्हणून पायांना ओलं फडकं, वरून प्लास्टिक, धड उघडं. चारही पावलांखाली त्याच मातीची पाटी आणि पाटीखाली कोरडी वाळू, म्हणजे पाटी आणि पाय एकत्र आकसतात, पावलं फाकत नाहीत. पोटाखालचा टेकूही त्याच मातीचा. आत लोखंडी तार अजिबात नको: माती आकसते, तार आकसत नाही.

खवल्या मांजराच्या पाठीवर खवल्यांच्या ११ ते १३ ओळी असतात. त्या शेपटाकडून डोक्याकडे लावत जायच्या, कौलं वळचणीपासून चढवतात तशा, म्हणजे प्रत्येक ओळ आधीच्या ओळीची मुळं झाकते. खवला टोकाशी ३ मिलिमीटर, मुळाशी ५. दोन्हीकडे ओरखडे काढून, त्याच मातीचा राबडा, म्हणजे पातळ कालवलेला चिखल, लावून दाबायचा. टोकं आधी वाळून वर वळतात, म्हणून पहिले काही दिवस सगळं शिल्प झाकलेलंच ठेवायचं.

पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला सापडलेला ताम्रपाषाणयुगातला बैल कच्च्या मातीचा आहे, पण तो घराच्या जमिनीखाली पुरलेला होता. उघड्यावर ठेवायच्या जनावराला भाजण्यावाचून इलाज नाही. रात्रभर ८० ते ९० अंश, मग ६०० पर्यंत तासाला ५० अंशांहून जास्त नाही. ५७३ अंशांना वाळूतला क्वार्ट्झ एकदम फुगतो आणि निवताना तिथेच एकदम आकसतो, म्हणून घाई चढतानाही नको, उतरतानाही नको. ९५० ला अर्धा तास थांबायचं. भट्टी १०० च्या खाली आल्याशिवाय दार उघडायचं नाही, हे तर तुम्ही दाराशी उभं राहून पाळायला लावलंत.

झिलई आम्ही दिलेली नाही. तरसाच्या पाठीवरची आयाळ आणि अंगावरचे पट्टे भाजल्या मातीच्या रंगावरच शोभतात, असं तुम्ही म्हणालात आणि ते पटलं. पट्ट्यांना गेरूऐवजी काळा राबडा वापरला आहे, तो तुम्ही एकदा पाहून सांगा.

कौलांचा चुरा दोन पोती दळून, चाळून ठेवला आहे. तुमचा पुढचा आवा लागायच्या आधी पोचता करतो.

आपले,
कार्यशाळेतले सगळेजण