सुई, कुंडी आणि खुनाचा तपास

ती. आई-बाबा,
सा. न.

दिवस आखडायला लागले, संध्याकाळी हवेत गारवा आला आणि तुम्ही दोघांनी क्रोशे, कुंड्या आणि रहस्यकथा अशा तीन गोष्टी एकदम हाती घ्यायचं ठरवलंत. उत्तम. फक्त फोनवर सांगितलेली मापं दुसऱ्या दिवशी कुणाच्याच लक्षात राहत नाहीत, म्हणून लिहून पाठवते आहे.

आधी वेळेची वाटणी. शरदात उजेड कमी पडतो. तेव्हा दिवसाचा उजेड झाडांना आणि डोळ्यांच्या कामांना द्या: पेरणी, पानांखालची कीड बघणं, चुकलेले टाके उसवणं. दिवे लागल्यावर सरावाचं विणकाम आणि ऐकायची गोष्ट. क्रोशे आणि रहस्यकथा यांची जोडी छान जमते असं सगळे म्हणतात, पण ते अर्धंच खरं आहे. मोजायचे टाके आणि मोजायचे संशयित एकाच वेळी सांभाळता येत नाहीत. एक तर बारावा खांब (सुईवर धाग्याचा एक वेढा घेऊन विणलेला उंच टाका) राहतो, नाहीतर बागेचं दार कुणी उघडं ठेवलं होतं ते निसटतं. हात आपसूक करतात तेवढंच विणकाम गोष्टीबरोबर घ्या.

आई, सुरुवात फिक्या रंगाच्या, गुळगुळीत, मध्यम जाडीच्या लोकरीने कर. केसाळ लोकरीत टाके दिसत नाहीत आणि उसवताना तंतू एकमेकांत अडकून बसतात. गडद रंग दिवसा ठीक, रात्री नको. गुंड्याच्या लेबलवर सुईचं माप छापलेलं असतं. ५ मिमीच्या आसपासचं बघ. त्याच लेबलवर रंगाचा लॉट नंबर असतो, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या गुंड्यांचा आकडा. लागतील तेवढे गुंडे एकाच लॉटचे आणि वर एक जास्तीचा घे. दुसऱ्या लॉटचा तोच रंग दुकानात सारखा वाटतो, पण विणल्यावर बरोबर मध्यावर पट्टा उठतो.

पूर्ण पांघरूण एका तुकड्यात विणायला घेऊ नकोस. वजन मांडीवर येतं, दर ओळीला ते फिरवावं लागतं आणि मनगट धरतं. त्यापेक्षा सुटे चौकोन विण, शेवटी जोड. ४ साखळ्या (फासातून धागा ओढून घेतलेले साधे टाके) घाल आणि पहिल्या साखळीत सुई घालून गोल जोड. मग ३ साखळ्या. या पहिल्या खांबाच्या जागी धरायच्या. त्याच गोलात आणखी २ खांब, मग कोपऱ्याच्या २ साखळ्या, पुन्हा ३ खांब, असे तीन-तीन खांबांचे चार गट आणि चार कोपरे झाले की सुरुवातीच्या तिसऱ्या साखळीत जोड. दुसऱ्या फेरीत प्रत्येक कोपऱ्याच्या पोकळीत ३ खांब, २ साखळ्या, ३ खांब. तिसऱ्या फेरीपासून कोपरे तसेच, आणि बाजूंवर दोन गटांच्या मधल्या प्रत्येक फटीत ३ खांब. तपासायला सोपं आहे: फेरीच्या आकड्याला चारने गुणलं की त्या फेरीतले गट मिळतात. पाचव्या फेरीत २० गट भरले नाहीत तर कुठेतरी फट सुटली आहे. या चौकोनात एक-एक टाका मोजायचा नसतो, फटीच बोटाला सांगतात, म्हणून गोष्ट ऐकत विणायला हाच नमुना सगळ्यात चांगला.

चौकोन वाटीसारखा खोलगट झाला तर कोपऱ्याची एखादी साखळी विसरली आहे किंवा हात फार घट्ट आहे. कडा झालरीसारख्या लाटल्या तर गट जास्त झालेत. आणि सगळं बरोबर असूनही मोठा चौकोन तिरका पिळवटतो, कारण प्रत्येक फेरी एकाच दिशेने जाते आणि टाके किंचित एका बाजूला कलतात. दर फेरीनंतर काम उलटं करून घेतलं की पीळ निघून जातो.

सरळ ओळींच्या मफलरची तऱ्हा वेगळी. तो वर जाता जाता अरुंद होतो, कारण वळताना घातलेल्या ३ साखळ्या खांब म्हणून मोजल्या जातात, पण पुढच्या ओळीच्या शेवटी त्यांच्या डोक्यात खांब घालायचा राहतो. म्हणजे दर ओळीला एक टाका गळतो. पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात सेफ्टी पिन अडकव आणि दर ओळीला पिना वर सरकव. सुरुवातीची साखळी आखडत असेल तर तेवढी साखळी एक माप मोठ्या सुईने घाल. इंग्रजी नमुना घेतलास तर तो ब्रिटिश की अमेरिकन हे आधी बघ. अमेरिकन नमुन्यातला ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला खांब, ब्रिटिश नमुन्यात तेच नाव बिनवेढ्याच्या मुक्या खांबाला आहे. ‘सिंगल क्रोशे’ हे शब्द कुठेही दिसले की नमुना अमेरिकन समज. हे न बघता विणलेला स्वेटर जवळपास दुप्पट उंच होऊ शकतो.

उशीचा अभ्रा करायचा तर ४० सेंमीच्या उशीला साडेनऊ सेंमीचे १६ चौकोन एका बाजूला लागतील. तीन फेऱ्यांचा चौकोन साधारण एवढा येतो, पण हातागणिक फरक पडतो, म्हणून एक विणून, धुऊन, वाळवून मग मोज. अभ्रा उशीपेक्षा दोनेक सेंमी लहानच बरा, ताणून बसतो आणि लोळागोळा दिसत नाही. प्रत्येक टोकाला १५ सेंमी धागा सोड आणि तो बोथट सुईने एकदा इकडे, एकदा उलट, पुन्हा इकडे असा टाक्यांत लपव. एकाच दिशेने लपवलेलं टोक दुसऱ्या धुण्यात बाहेर येतं. गाठ मारून कापायचा मोह होतो, पण गाठ सुटतेच. खरी लोकर गरम पाण्यात चोळलीस तर आटून नमदा होईल. ॲक्रिलिकला गरम इस्त्री टेकवलीस तर त्याचा लवचिकपणा कायमचा जातो, ते लुळं पडतं.

आणि तुझा दुखरा अंगठा. जाड, मऊ मुठीची सुई घे आणि ती पेनासारखी पकडण्याऐवजी सुरीसारखी मुठीत धरून बघ; चिमटीवरचा ताण कमी होतो. वीस-पंचवीस मिनिटांनी हात सोडायचेच. दुखतं ते बहुधा विणण्याने नाही, घट्ट आवळण्याने. सुई अर्धा मिमी मोठी केली की पुष्कळ फरक पडतो. दिवा डाव्या खांद्यामागून हातांवर यावा, म्हणजे उजव्या हाताची सावली टाक्यांवर पडत नाही.

बाबा, आता कुंड्या. ओली माती भरलेली फूटभर तोंडाची कुंडी पंधरा-वीस किलोंच्या घरात जाते. तेव्हा कुंडी आधी जागेवर ठेवायची, मग भरायची. उलट क्रमाने नाही, ‘एवढं काय जड आहे’ म्हणत तर मुळीच नाही. भक्कम टेबलावर कमरेच्या उंचीला कुंड्या घेतल्यात तर गुडघे आणि पाठ दोन्ही सुटतील. मातीची किंवा कंपोस्टची पिशवी उघडताना तोंड लांब ठेवा, मास्क लावा आणि आत थोडं पाणी शिंपडा. त्यात लेजिओनेला नावाचे जिवाणू असू शकतात आणि त्यांची धूळ श्वासातून गेली तर न्यूमोनिया होऊ शकतो. साठीनंतर तो जास्त त्रास देतो. हातमोजे घालाच, आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनला दहा वर्षं उलटून गेली असतील तर डॉक्टरांना विचारून घ्या.

शरदात लावायला लसूण घ्या. गड्डा लावायच्या दिवशीच फोडा, पाकळीचं साल काढू नका, आणि सगळ्यात मोठ्या पाकळ्या लावायला ठेवा. बारक्या पाकळीचा गड्डाही बारकाच होतो. चपटी बाजू खाली, टोक वर, डोक्यावर ३ ते ५ सेंमी माती, दोन पाकळ्यांत १० ते १५ सेंमी अंतर. किमान २० सेंमी खोल, फूटभर तोंडाच्या कुंडीत पाच-सहा मावतात. पाती कापत राहिलात तर गड्डा भरत नाही, म्हणून एक कुंडी पातीसाठी आणि एक गड्ड्यासाठी असं आधीच ठरवा. लसणाला पाकळ्या सुटायला काही आठवडे थंडी लागते. ती कमी पडली तर कांद्यासारखा एकसंध गोळा निघतो. रोग समजून टाकू नका, तो लसूणच आहे. खालची तीन-चार पानं पिवळी पडली की काढायचा, सगळी वाळेपर्यंत थांबलात तर गड्डा जमिनीतच उकलतो.

कोथिंबिरीचा अख्खा धणा म्हणजे दोन बिया असतात. लाटण्याने हलके दाबून दोन भाग करा (पीठ नको), रात्रभर भिजवा आणि १ सेंमी खोल पेरा. उगवायला एक ते तीन आठवडे लागतात, त्यामुळे आठव्या दिवशी माती उकरून बघू नका. रोप उपटून दुसरीकडे लावलेलं तिला सोसत नाही, सोटमूळ दुखावतं. उन्हाच्या तडाख्यात ती लगेच फुलावर जाते. गारव्यात पानं जास्त दिवस मिळतात. दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी थोडी पेरा.

घरातल्या झाडांचं पाणी आता कमी करा. उजेड घटला की वाढ मंदावते, मुळं पाणी कमी ओढतात आणि रोजच्या सवयीने घातलेलं पाणी तळाला साचून मुळं कुजतात. गंमत अशी की कुजक्या मुळांचं झाडही माना टाकतं, मग माणूस आणखी पाणी घालतो. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी. तबकडीत साठलेलं अर्ध्या तासाने ओतून द्या. कुंडीभोवती बारीक काळी चिलटं दिसली तर त्यांच्या अळ्या वरच्या ओल्या थरात आहेत असं समजा. वरची २-३ सेंमी माती पूर्ण वाळू द्या. पिवळे चिकट कागद फक्त उडणारी चिलटं पकडतात, अळ्या तशाच राहतात. खतही आता थांबवा.

गळलेली पानं जाळू नका आणि फेकूही नका. ओली करून, चुरून, भोकं पाडलेल्या पोत्यात दाबून भरा आणि कोपऱ्यात विसरून जा. वर्ष-दोन वर्षांत काळा भुसभुशीत पालापाचोळ्याचा चुरा मिळतो. हे काम मुख्यतः बुरशी करते, म्हणून पोतं गरम होत नाही आणि घाई चालत नाही. जाड, चकचकीत पानं सर्वांत उशिरा कुजतात. या चुऱ्यात पोषण फार नसतं, पण माती ओल धरून ठेवते. बुंध्यापासून थोडा लांब ३-४ सेंमीचा थर पसरा. वाळक्या पानांचं एक पोतं वेगळं राखा: एक बादली ओल्या कचऱ्याला दोन-तीन बादल्या सुकी पानं घातली की कंपोस्टला वास येत नाही. वास आलाच तर ते फार ओलं झालंय आणि आत हवा नाही; पानं मिसळून खालीवर करा. डाग पडलेली रोगट पानं मात्र या सगळ्यापासून लांब.

राहिल्या रहस्यकथा. तुम्हाला दोघांना भावणारा प्रकार तो सौम्य: छोटं गाव किंवा एक घर, सात-आठ संशयित, हौशी शोधक, आणि रक्तपात पडद्याआड. या खेळाचे नियम दोन महायुद्धांच्या मधल्या काळात पक्के झाले. १९२९ मध्ये इंग्रज रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्स यांनी दहा नियम मांडले: शोधकाला सापडलेला धागा वाचकालाही लगेच दिसलाच पाहिजे, माहीत नसलेलं विष चालणार नाही, एकाहून जास्त गुप्त खोल्या नकोत, आणि शोधक स्वतः गुन्हेगार नसावा. पुढच्या वर्षी लंडनमध्ये लेखकांचा ‘डिटेक्शन क्लब’ निघाला. त्यात सभासदांना वाचकाशी प्रामाणिक राहण्याची शपथ घ्यावी लागे. म्हणजे उत्तर पानांतच असतं, फक्त नीट लपवलेलं.

ते कुठे लपवतात ते सांगते. एक, वस्तूंच्या यादीच्या मधोमध. पहिली आणि शेवटची वस्तू लक्षात राहते, मधली निसटते. दोन, किंकाळी किंवा भांडणाच्या लगेच आधी, म्हणजे तुम्ही पुढे धावता. तीन, ज्याचं कुणी मनावर घेत नाही अशा बडबड्या पात्राच्या तोंडी. ‘मी तेव्हा तिथे नव्हतो’ हा दावा एकाच घड्याळावर किंवा एकाच साक्षीदारावर टेकलेला असेल तर आधी ते घड्याळ तपासा. वहीत तीन रकाने करा: नाव, त्या वेळी कुठे, हे कुणी सांगितलं. तिसरा रकाना सगळ्यात कामाचा. पुस्तकाचा तीन चतुर्थांश भाग झाला की दोघांनी आपापला संशयित चिठ्ठीवर लिहून ठेवा, एकमेकांना न दाखवता. बाबा, शेवटचं पान आधी उघडायचं नाही.

बाबांनी मोठ्याने वाचावं आणि आईने विणावं, ही वाटणी मला सर्वात आवडते. ऑडिओबुक लावलंत तर वेग ०.९ वर ठेवा, नावं स्पष्ट ऐकू येतात, आणि झोपताना अर्ध्या तासाचा टायमर लावा, नाहीतर खून झोपेत होऊन जाईल. छापील पुस्तक मोठ्या टाइपातलं घ्या.

आई, विकत घेण्याआधी लोकरीच्या लेबलचा फोटो पाठव. बाबा, टेबल ठेवायच्या जागी थेट ऊन किती तास येतं ते एक दिवस घड्याळ लावून बघा आणि कळवा. चार तासांच्या आत असेल तर लसणाचा बेत सोडून सगळी कोथिंबीरच लावू.

तुमची,
लेक