रखमाबाईंवरचा दावा अजून कायद्यात जिवंत आहे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

डॉ. रखमाबाईंचे नाव निघाले की आद्य महिला डॉक्टरांपैकी एक म्हणून त्यांचा गौरव होतो आणि त्यांच्यावरील खटला एका वाक्यात उरकला जातो. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या, पण सासरी कधीच न नांदलेल्या रखमाबाईंवर पती दादाजी भिकाजी यांनी, बायकोने नांदायला यावे म्हणून, १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. न्या. पिन्हे यांनी तो १८८५ मध्ये फेटाळला; मात्र अपिलात निकाल फिरला आणि मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला की, त्यांनी महिन्याभरात पतीच्या घरी राहायला जावे, अन्यथा सहा महिने कैद भोगावी. रखमाबाईंनी तुरुंगात जाण्याची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी प्रकरण मिटवले.

नांदायला येण्यासाठी बायकोला कोर्टात खेचण्याचा हा मार्ग धर्मशास्त्रातला नव्हताच; तो इंग्लंडमधल्या चर्चच्या न्यायालयांतून इकडे आला होता, आणि खुद्द इंग्लंडने त्यातली कैदेची तरतूद १८८४ मध्येच काढून टाकली होती. तरीही परक्या सरकारने आमच्या धर्मात ढवळाढवळ करू नये, असे म्हणणाऱ्या मंडळींना, त्यांत 'केसरी'ही आला, हा परका उपाय मात्र चालला! याच मंडळींनी मुलींचे संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधासाठीचे किमान वय, दहावरून बारा वर्षे करणाऱ्या १८९१ च्या कायद्यावर धर्म बुडाल्याची हाकाटी केली.

आपल्याकडची कैद १९२३ मध्ये गेली, दावा राहिला. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये तो आजही आहे. आंध्र उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरवले, पण पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध मानले. इंग्लंडने मात्र हा दावाच १९७० मध्ये मोडीत काढला.

आपल्या सोलापुरात विड्या वळून पोट भरणारी बाई मारहाणीला कंटाळून माहेरी येते, पोटगी मागते आणि उत्तरादाखल तिच्या हाती नांदायला येण्याची नोटीस पडते, हे कोर्टाच्या आवारात ऊठबस असणाऱ्यांना नवे नाही. हे कलम नवरा-बायको दोघांनाही खुले आहे, असे सांगितले जाते. कागदावर ते खरेही आहे, परंतु मार खाऊन घर सोडावे लागलेल्या बाईला ही समानता काय कामाची? जिल्ह्यातील खासदारांनी कलम ९ रद्द करण्याची मागणी संसदेत मांडावी आणि येथील वकील मंडळींनी त्यासाठी पाठपुरावा करावा, ही विनंती.

आपली,
एक वाचक, सोलापूर