शेंदऱ्या बरा आहे

वाई, २६ ऑक्टोबर

ती. आई आणि ती. बाबा,
सा. न. वि. वि.

आधी एवढं वाचा: शेंदऱ्या बरा आहे. आज सकाळी सातला वाटी वाजवली, तेव्हा कमळाच्या पानांखालून सगळ्या माशांत पहिला तोच बाहेर आला. आता पुढचं वाचा, कारण पुढचं मी तुमच्यापासून चोवीस दिवस लपवलंय.

बाबा, रोज रात्री फोनवर तुम्ही विचारायचात, "हौदावरची मंडळी काय म्हणतात?" आणि मी रोज म्हणायचे, "मजेत आहेत." मजेत नव्हती. तुमचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, गुडघ्याचे टाके ओले, त्यात हा घोर कशाला लावायचा, असं वाटलं. आईला सांगितलं असतं तर तिच्या आवाजावरून तुम्ही पाच मिनिटांत ओळखलं असतं. म्हणून तिलाही नाही सांगितलं.

चूक माझीच आहे. तुम्ही पुण्याला गेल्यावर चिऊला घर सुनं सुनं वाटायला लागलं. तिची समजूत काढायला मी साताऱ्याहून दोन छोटे मासे आणले, एक पांढरा, एक काळा. तुम्ही नवा मासा आणलात की तीन आठवडे न्हाणीघराबाहेरच्या टिपाडात त्याला वेगळा ठेवायचात. मला ते माहीत नव्हतं असं नाही. मांजर येऊ नये म्हणून त्या टिपाडावर फळी टाकून लहानपणी मीच राखण केलीय. तरी या वेळी पिशवी अर्धा तास हौदावर तरंगत ठेवली आणि मासे सोडून दिले. पांढऱ्याच्या शेपटीपाशी एक बारीक दोरा लोंबत होता. मला वाटलं, विष्ठा असेल.

२ ऑक्टोबरला सुट्टी होती. चिऊ हौदाच्या काठावर बसली होती. आत येऊन म्हणाली, "आई, शेंदऱ्या फरशीला अंग घासतोय." मी जाऊन पाहिलं. तो तिरका व्हायचा, सपकन फरशीला घासून वर यायचा, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. जाळीत धरून वर आणला तर अंगावर तीन दोरे. एक पाठीच्या पराखाली, एक शेपटीच्या मुळाशी, एक कल्ल्याच्या झाकणाजवळ. प्रत्येक दोऱ्याच्या मुळाशी लाल फोड, आणि टोकाला दोन फाटे.

तुमची हौदाची वही काढून पहिल्या पानापासून चाळली. हा किडा त्यात कुठेच नाही. चिऊच्या जन्माच्या वर्षी तुम्ही क्रॉफर्ड मार्केटमधून बोटभर शेंदऱ्या आणलात, तेव्हापासून नऊ वर्षांत आपल्या हौदात तो आलाच नाही. टिपाडामुळे आला नाही.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे फोटो घेऊन गेले. ते म्हणाले, माझा हात गाई-म्हशींवर बसलेला, पण थांबा. त्यांनी रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलेल्या मित्राला तिथूनच फोन लावून दिला. त्या मत्स्यतज्ज्ञांनी फोटो पाहताच सांगितलं, अँकर वर्म. नाव वर्म असलं तरी ही अळी नाही, कोळंबीच्या दूरच्या नात्यातला जीव आहे. दिसते ती मादी. तिचं डोकं नांगरासारखं फाटे फुटलेलं असतं आणि ते माशाच्या मांसात रुतलेलं असतं. बाहेर लोंबतो तो तिचा धागा, आणि टोकाचे दोन फाटे म्हणजे अंड्यांच्या पिशव्या. अंडी पाण्यात फुटतात, पिल्लं पाण्यात फिरतात आणि पुन्हा मासा शोधतात. या दिवसांच्या उकाड्यात हे सगळं तीन-चार आठवड्यांत होतं.

ते म्हणाले, चिमट्याने काढावे लागतील, आणि डोक्यासकट काढा. डोकं आत राहिलं तर जखम सडते.

बाबा, तुम्ही असतात तर तुमच्या हातात चिमटा देऊन मी बाजूला झाले असते. हे कामावर गेले होते. चिऊला बॅटरी धरायला लावली. पंचा ओला करून पाटावर पसरला, हात कोपरापर्यंत ओले केले, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो आणि तोच त्याचं कातडं राखतो. शेंदऱ्याला पंच्यात घेतला, डोळ्यांवर पंच्याचं टोक टाकलं. तो इतका शांत पडला की मलाच भीती वाटली. वीतभर मासा, पण हाताला केवढा जड लागतो! श्वास घेताना त्याचं कल्ल्याचं झाकण माझ्या अंगठ्यावर उघडत होतं, मिटत होतं. पहिला दोरा अगदी मुळाशी धरून खवल्याच्या दिशेने सावकाश ओढला. आधी ताणला गेला, मग एकदम सुटला. चिऊने बॅटरी जवळ आणली आणि म्हणाली, "आई, नांगर आलाय." खरंच आला होता, मोहरीएवढा. जखमेवर कापसाने पोव्हिडोन आयोडिन लावलं, कल्ल्याजवळच्या जखमेवर मात्र अगदी टेकवल्यासारखं, कारण ते कल्ल्यात जाता कामा नये. मध्ये त्याला पाण्यात सोडून दम खाऊ दिला. तिन्ही निघाले. चिऊचा हात एकदाही हलला नाही. माझेच पाय नंतर लटपटले.

मग मीठ. आई, तुझ्या लोणच्याच्या खडेमिठाची बरणी मी रिकामी केली आहे, रागावू नकोस. सगळ्या हौदात मीठ घालता येत नव्हतं. पावणेतीन हजार लिटर पाणी, त्याला सव्वाआठ किलो मीठ लागलं असतं आणि बाबांची कमळं गेली असती. म्हणून गोधड्या भिजवायच्या मोठ्या टबात शंभर लिटर पाणी घेतलं आणि रोज शंभर ग्रॅम असं तीन दिवसांत तीनशे ग्रॅम मीठ घातलं. मिठाने किडा मरत नाही, ते जखमेसाठी. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगातले क्षार बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त असतात, त्यामुळे पाणी सतत त्याच्या अंगात शिरत राहतं आणि मूत्रपिंडं ते रात्रंदिवस बाहेर टाकत असतात. जखम असली की आणखी शिरतं. बाहेरच्या पाण्यात थोडं मीठ असलं की ती ओढ कमी होते आणि त्याची शक्ती बरं व्हायला उरते. हे त्या मत्स्यतज्ज्ञांनी मला फोनवर समजावून सांगितलं, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपण काहीतरी उपयोगाचं करतोय.

टबाचं काम मात्र हौदासारखं नाही. मासे कल्ल्यांतून अमोनिया टाकतात. हौदाच्या शेवाळात, गाळात तो पचवणारे जीवाणू असतात, नव्या टबात कुठले? रोज चाळीस लिटर पाणी काढायचं, आदल्या दिवशी बादल्यांत उघडं ठेवून क्लोरीन उडालेलं पाणी भरायचं आणि त्यात १२० ग्रॅम मीठ विरघळवून घालायचं. शाळेला निघण्याआधी हे करून जायचे.

पाचव्या दिवशी तो खाईना. मला राहवलं नाही, मी दाणे टाकतच राहिले. संध्याकाळी टबाच्या तळाशी कुशीवर पडला होता. पाण्याची अमोनियाची चाचणी केली. ती पिवळी राहायला हवी, हिरवीगार झाली. न खाल्लेल्या दाण्यांनी पाणी नासवलं होतं. अर्धं पाणी बदललं, आणि दहाच्या सुमाराला वीज गेली. हवेचा पंप बंद. मग तांब्या घेतला आणि टबातलंच पाणी भरून वरून परत टबात सोडत बसले, म्हणजे तेवढीच हवा पाण्यात मिसळेल. अंधारात दीड तास. आई, त्या वेळी तू हवी होतीस. तू काही बोलली नसतीस, दुसरा तांब्या घेऊन समोर बसली असतीस.

दुसऱ्या दिवशी तो सरळ झाला होता. खाणं चार दिवस पूर्ण बंद ठेवलं. गोल्डफिशला जठरच नसतं, खाल्लेलं थेट आतड्यात जातं, म्हणून आजारात थोडं थोडंच द्यायचं असतं. पाचव्या दिवशी उकडून साल काढलेला मटाराचा अर्धा दाणा दिला. आधी थुंकला, मग पुन्हा घेतला. मी शाळेत उशिरा पोचले त्या दिवशी.

पांढरा मासा गेला. चिऊने त्याला पारिजातकाखाली पुरला. काळा ठीक आहे, आणि तुमचे बाकीचे पाचही. हौदात दर रविवारी डॉक्टरांनी दिलेलं औषध टाकतेय. ते अंड्यांवर चालत नाही, पण पिल्लांना कात टाकू देत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. तीन वेळा झालं, चौथं राहिलंय. टिपाड घासून उन्हात वाळवलंय. गेल्या रविवारी शेंदऱ्याला बादलीत घेऊन, त्यात वाटीवाटीने हौदाचं पाणी मिसळत अर्ध्या तासाने सोडला. तीन जागी खवले नाहीत, तिथे फिकट डाग दिसतात. खवले परत येतात म्हणे.

हे सगळं मी तो पुरता खणखणीत झाल्यावर, तुम्ही घरी आल्यावर सांगणार होते. पण काल दादाशी बोलताना त्याच्या तोंडून निघून गेलं की बाबांची जखम लाल झाली होती, दोन दिवस ताप होता आणि इंजेक्शनं चालू होती. त्याच दोन दिवसांत आई मला फोनवर सांगत होती की बाबा आता जिना चढतात. मी रात्री कितीतरी वेळ हौदावर बसून होते. तुम्ही मला घोर नको म्हणून सांगितलं नाहीत, मी तुम्हाला घोर नको म्हणून. आई, इकडे मला कळलं असतं तर मी शनिवारची पहिली एसटी धरली असती. मला यायचं होतं. अजून यायचं आहे. ताप परत आला तर तू मला सांगायचंस, त्याच दिवशी. मीही मासा शिंकला तरी सांगेन.

आणखी एक. बाबांना आता उकिडवं बसता येणार नाही, आणि हौदाचा काठ जेमतेम फूटभर. गवंड्याला सांगितलंय, पारिजातकाच्या बाजूला एक कट्टा बांधायचा, पाठ टेकता येईल असा, उठताना धरायला बाजूला पाइप. तो परवा येतोय आणि उंची विचारतोय. आई, बाबा ज्या खुर्चीवरून कुणाचा हात न धरता उठतात, तिची उंची टेपने मोजून कळव. ते सांगतील ती नको. तू स्वतः मोज.

तुमची,
मनू