गाडीभाड्याचं तेवढं मनावर घे

म्हापसा,
६ जून

प्रिय दत्ता,

काल फोन ठेवल्यावर बराच वेळ काही सुचलं नाही. वहिनींच्या कॅन्सरच्या रिपोर्टचं ऐकून धक्का बसलाच, पण शेवटी तू जे सहज बोलून गेलास ते जास्त लागलं. ‘ऑपरेशनाचं होईल रे काहीतरी, जाण्यायेण्यासाठी पाटल्या ठेवतो गहाण.’ पाटल्या ठेवू नकोस. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी ठेवू नकोस. फोनवर सांगितलं असतं तर ‘हां हां’ करून तू विसरला असतास, म्हणून कागदावर उतरवतोय. वहिनींनाही वाचायला दे, त्या तुझ्यापेक्षा नीट वाचतील.

ताईच्या आजारपणात मुंबईला परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या वाऱ्या मी केल्यात, तुला ठाऊक आहे. ताई आता ठणठणीत आहे, तपासणीला तेवढी जाते. त्या काळात एक गोष्ट नीट कळली. हॉस्पिटलच्या बिलासाठी दहा दारं आहेत, पण तिथे पोचायच्या खर्चासाठी फारसं कोणी विचारत नाही. तुझ्याकडे गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा विम्याचं कार्ड आहे. २०१६ सालची योजना, तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चौघं किंवा जास्त असली तर चार लाख. तुम्ही चौघं, म्हणजे चारात बसता. शिवाय बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, म्हणजे गोमेकॉत, जे होत नाही त्यासाठी आरोग्य खात्याची मेडिक्लेम वेगळी. पंतप्रधान मदत निधीला अर्ज केला आणि मंजूर झाला, तर ती रक्कमही थेट हॉस्पिटलकडे जाते. ते बरंच आहे म्हणा, मधले हात टळतात. पण पेडण्याहून परळपर्यंतचं भाडं, तिथली खोली, दोन वेळचं जेवण आणि स्टँडवरचा तुझा बुडालेला धंदा यातल्या कशातच धरत नाहीत. मोटरसायकल टॅक्सी चालवणाऱ्या पायलटला भरपगारी रजा कोण देणार?

म्हणून रेल्वे. खाजगी स्लीपर बसचं जे तू बोललास ते सोड, तिथे पैशाची सूट नाही आणि दुखण्यातल्या माणसाला घाटातले हिसके वर.

कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाताना स्लीपर आणि थ्री-एसीचं भाडं पूर्ण माफ आहे. सोबतच्या एका माणसाला याच वर्गांत पंचाहत्तर टक्के सूट. टू-एसीला दोघांनाही निम्मं. आरक्षण शुल्क, सुपरफास्टचा अधिभार असलं किरकोळ द्यावं लागतं, तेवढंच. लोकांना हे माहीत नसतं याचं एक कारण मला वाटतं ते असं, की मार्च २०२० मध्ये ज्येष्ठ नागरिकांची सवलत बंद झाली ती परत आलीच नाही, आणि सगळ्यांनी धरून चाललं की रेल्वेच्या सवलती संपल्या. तसं नाही. दिव्यांग, विद्यार्थी आणि रुग्ण यांच्या चालू राहिल्या. किडनीच्या पेशंटला डायलिसिस किंवा ऑपरेशनसाठी, हृदयाच्या ऑपरेशनला जाणाऱ्याला, थॅलेसेमियाच्या पोरांनाही आहे, टक्केवारी वेगळी. तुझ्या स्टँडवरच्या त्या पोराच्या बापाचं डायलिसिस बाहेर करायची वेळ आली तर त्यालाही सांग.

आता गोम कुठे आहे ते ऐक. ही सवलत मोबाइलवर मिळत नाही, खिडकीवरच मिळते. तात्काळला मिळत नाही. आणि पूर्ण भाड्याचं तिकीट एकदा काढलं की मागून कागद दाखवून फरक परत मागता येत नाही. आपण लोक काय करतो, तारीख मिळते, मग चार दिवस कोणाला काय सांगायचं यात जातात, आणि शेवटी एजंटाकडून तात्काळ. सवलत तिथेच गेली. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, त्यामुळे डॉक्टर पुढची तारीख देतील त्याच दिवशी सवलतीचा फॉर्म मागून घ्यायचा, घरी येऊन मग बघू म्हणायचं नाही. वेटिंग आलं तरी घाबरू नकोस, कॅन्सरच्या रुग्णांसाठी काही बर्थ राखलेले असतात, फॉर्म देतानाच तसं विचार.

फॉर्म म्हणजे एक साधा कागद. रुग्णाचं नाव, वय, कुठून कुठे, सोबत कोणी आहे का, आणि खाली हॉस्पिटलच्या जबाबदार अधिकाऱ्याची सही, शिक्का, तारीख. सगळा जीव त्या शिक्क्यात. ताईच्या वेळी एका खिडकीवरच्या बाबाने शिक्का पुसट म्हणून कागद परत सरकवला. मागे रांग, ताई बाकावर डोकं टेकून बसलेली. तेव्हापासून शिक्का मारताना मी टेबलापाशी उभा राहतो, पॅड सुकलेला दिसला तर ‘आणखी एकदा मारा हां साहेब’ म्हणतो. कोणी रागावत नाही. दुसरं, नावाची अक्षरं आधारवर आहेत तशीच हवीत. वहिनींच्या आधारवर अजून माहेरचं नाव आहे का ते आजच बघ. तिसरं, तो कागद खिडकीवर ठेवून घेतात, तेव्हा आधी झेरॉक्स काढ, आणि जाण्याचं व परतीचं एकदम काढणार नसलास तर दोन फॉर्म माग. फायलीत वरच ठेवायचे, एक्स-रेच्या पाकिटात नव्हे.

वहिनींना थ्री-एसीनेच ने. त्यांचं भाडं नाही, तुझं पाव, मग स्लीपरमध्ये धूळ आणि गर्दी कशाला? केमोनंतर तर नकोच. कोकणकन्या एक्स्प्रेस पहाटे दादरला सोडते, तिथून परळ लोकलने एकच स्टेशन, त्या वेळी डबे रिकामे असतात. फक्त जूनमध्ये कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागतं, गाड्या लवकर सुटतात आणि हळू धावतात. तिकिटावरची वेळ दोनदा बघ.

राहण्यासाठी हॉटेलाच्या नादी लागू नकोस. दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. दोन्हीकडे पेशंटसाठीच जागा, आणि दोन्हीकडे गर्दी. हॉस्पिटलची फाइल झाल्याशिवाय कोणी दारात उभं करत नाही, म्हणून पहिल्या दिवशी फाइल झाली की तिथल्या समाजसेवा विभागात जाऊन बस. फॉर्म, राहणं, औषधांची मदत, सगळ्याची वाट तिथूनच कळते. त्या बायका दिवसभर हेच करतात, त्यांच्याशी गोड बोल, तुझ्या पायलटी आवाजात नको.

आणि सगळ्यात मोठी बचत रेल्वेत नाहीच. डॉक्टरांना सरळ विचारायचं की ऑपरेशन टाटात झाल्यावर केमोचे डोस गोमेकॉत घेता येतील का. टाटाच्याच पुढाकाराने २०१२ मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड उभं राहिलं, ते रुग्णाला शक्य तितकं घराजवळ उपचार मिळावेत म्हणूनच. आजारावर अवलंबून आहे, नेहमी हो म्हणतील असं नाही. पण विचारल्याशिवाय स्वतःहून सांगायला त्यांना वेळ कुठे? बांबोळी म्हणजे पेडण्याहून कदंबाच्या बसने पणजी आणि पुढे, संध्याकाळी दोघं घरी. पोरांचा डबाही वहिनींच्या देखरेखीखाली होईल.

तुला मागायला कमीपणा वाटतो हे मी लहानपणापासून बघतोय. शाळेच्या सहलीचे पैसे माफ होत होते तेव्हाही तू घरी बसलास. आता तसं चालणार नाही. तिकिटाच्या खिडकीवर हात पसरायचा नाही, एक सही केलेला कागद द्यायचा आहे. ती सवलत तुझ्या बायकोच्या नावाची आहे.

शनिवारी दुपारनंतर येतो. वहिनींचं आधार, दीनदयाळचं कार्ड, गोमेकॉचं रेफरल आणि बायोप्सीचा रिपोर्ट एका जागी काढून ठेव. पहिल्या खेपेला कोणता कागद कुठे लागेल ते बसून ठरवू, आणि मग दोघं मिळून थिवी स्टेशनला जाऊ. खिडकीवर मी बोलतो. मुलांना चार दिवस आमच्याकडे पाठव, इथून शाळेची वह्या-पुस्तकंही घेऊन देईन. वहिनींना नमस्कार, काकांना सांग की तब्येतीची चौकशी केली आहे.

तुझा,
सुरेश

ता. क. पाटल्या घरात आहेत ना अजून? शनिवारी विचारणार आहे.