पिनकोडची रेष ठरलेली, आयपीची हलती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत ‘आयपी पत्ता म्हणजे संगणकाचा पिनकोड’ असे समजावणारी चौकट आली होती. उपमा मराठी वाचकाला जवळची आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सुरू झालेली पिनकोड पद्धत आखली ती श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतच्या मराठी पंडिताने. पण चौकटीने ही उपमा जिथे सोडून दिली तिथेच खरा विषय सुरू होतो. नवशिके अडखळतात तेही नेमके तिथेच.

४११०३० हा पिनकोड घ्या. पहिला ४ पश्चिमेकडचा विभाग सांगतो, ४११ म्हणजे पुणे आणि उरलेले ०३० म्हणजे सदाशिव पेठेचे टपाल कार्यालय. तिसऱ्या अंकानंतरची ही रेष देशभर तीच असते, त्यामुळे टपाल निवडणाऱ्याला ती कुणाला विचारावी लागत नाही. आयपी पत्त्यातही असेच दोन भाग आहेत, एक जाळ्याचा आणि दुसरा त्या जाळ्यातल्या यंत्राचा. फरक इतकाच की दोहोंमधली रेष कुठे आहे हे पत्ता नुसता पाहून कळत नाही. १९२.१६८.१०.७७ हा पत्ता एकटा दिला तर तो कोणत्या जाळ्यातला, याला उत्तर नाही. रेष दाखवतो तो सबनेट मास्क (सबनेट म्हणजे मोठ्या जाळ्यातून पाडलेले छोटे जाळे), आणि आपल्या चौकटीत मास्क हा शब्द एकदाही नव्हता.

पूर्वी रेष ठरलेली होती. सप्टेंबर १९८१मध्ये आयपीच्या चौथ्या आवृत्तीचे (आयपीव्ही-४) मानक आले, त्यात पत्ता ३२ बिटांचा (बिट म्हणजे ० किंवा १ असा एक अंक), म्हणजे एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते. त्यांचे वर्ग पाडले. ‘अ’ वर्गाच्या एका जाळ्यात १ कोटी ६७ लाखांहून जास्त पत्ते, ‘ब’ वर्गात यंत्रांना देता येण्याजोगे ६५,५३४ आणि ‘क’ वर्गात २५४. पाचशे संगणकांच्या संस्थेला ‘क’ पुरायचा नाही, आणि ‘ब’ घेतला तर पासष्ट हजार पत्ते कुलूपबंद. ही उधळपट्टी परवडेना, म्हणून १९९३मध्ये वर्ग मोडीत काढून रेष हवी तिथे ओढण्याची पद्धत स्वीकारली गेली. तरीही आज कित्येक क्लासच्या नोट्समध्ये ‘१९२ने सुरू होणारा पत्ता क वर्गाचा, म्हणून त्याचा मास्क २५५.२५५.२५५.०’ असे पाठ करून घेतले जाते. ते पाठ करणारा मुलगा नोकरीवर १० ने सुरू होणारा पत्ता आणि २५५.२५५.२५५.० हा मास्क एकत्र पाहिला की चक्रावतो, कारण त्याच्या लेखी १० म्हणजे ‘अ’ वर्ग.

आता गणित. मास्कही ३२ बिटांचाच, मात्र डावीकडून सलग १ आणि मग सलग ०. जितके १, तितका भाग जाळ्याचा. म्हणून /२६ लिहिले की २६ बिट जाळ्याचे आणि उरलेले ६ यंत्राचे. हाच मास्क आठ-आठ बिटांच्या चार खान्यांत २५५.२५५.२५५.१९२ असा दिसतो. १ आणि ० ची सरमिसळ चालत नसल्याने मास्कच्या कोणत्याही खान्यात फक्त ०, १२८, १९२, २२४, २४०, २४८, २५२, २५४ आणि २५५ हे नऊच आकडे येऊ शकतात. कुणी २५५.२५५.२५५.२०० लिहून दिले तर पुढे वाचूच नका.

तोंडी हिशेबाची रीत सोपी आहे. मास्कच्या ज्या खान्यात २५५ किंवा ० सोडून आकडा आहे तो २५६मधून वजा करा. १९२ वजा केले तर ६४ उरतात. म्हणजे त्या खान्यातले सबनेट ६४-६४च्या पावलांनी पडतात आणि ०, ६४, १२८, १९२ वर सुरू होतात. आपल्या १९२.१६८.१०.७७मधला ७७ हा आकडा ६४ ते १२७ या पट्ट्यात बसतो. पट्ट्यातला पहिला पत्ता, ६४, जाळ्याचे नाव. शेवटचा, १२७, ब्रॉडकास्टसाठी, म्हणजे दवंडीसाठी. मधले ६५ ते १२६ असे ६२ यंत्रांना द्यायचे. पडताळा बिटांत पाहायचा तर ७७ म्हणजे ०१००११०१ आणि १९२ म्हणजे ११००००००. दोन्हीकडे १ असेल तिथेच १ ठेवला की ०१०००००० उरते, म्हणजे ६४. ‘शेवटी २५५ असेल तो ब्रॉडकास्ट’ हे आणखी एक घोकलेले अर्धसत्य. १०.१.२०.०/२३ या जाळ्यात १०.१.२०.२५५ हा साधा, एखाद्या संगणकाला देता येण्याजोगा पत्ता आहे, कारण ते जाळे १०.१.२१.२५५पर्यंत जाते.

हे सगळे कशासाठी? संगणकाला प्रत्येक पाकीट, म्हणजे माहितीचा तुकडा, पाठवताना एकच निर्णय घ्यायचा असतो. समोरचा माझ्याच जाळ्यात आहे की बाहेर? तो स्वतःच्या आणि समोरच्याच्या पत्त्यावर आपला मास्क लावतो. उत्तर सारखे आले तर तो त्याच तारेवर ‘हा पत्ता कुणाचा?’ असा पुकारा करतो. याला एआरपी म्हणतात. वेगळे आले तर पाकीट थेट गेटवेच्या, म्हणजे राउटरच्या हवाली. इथे एक गोष्ट बहुतेक पुस्तके सांगायची विसरतात. मास्क पाकिटावर लिहिलेला नसतो. तो ज्याच्या त्याच्या सेटिंगमध्ये असतो. म्हणजे जाळ्याची हद्द हे प्रत्येक यंत्राचे स्वतःचे मत आहे आणि एकाच स्विचवरच्या (स्विच म्हणजे यंत्रे एकमेकांना जोडणारी पेटी) दोन यंत्रांची मते वेगळी असू शकतात. दुरुस्तीला बोलावणे येते त्यातली बरीच दुखणी इथली असतात.

समजा ७७ क्रमांकाच्या संगणकाला /२६ऐवजी चुकून /२४ दिला. गेटवे १९२.१६८.१०.६५ वर आहे, तो सापडतो, इंटरनेट झकास चालते. पण शेजारच्या सबनेटमधला १९२.१६८.१०.१४० वरचा प्रिंटर मिळत नाही. संगणकाला तो आपल्याच जाळ्यात वाटतो, म्हणून तो राउटरकडे न जाता तारेवर पुकारा करत बसतो, आणि त्या तारेवर १४० नाहीच. दोष मग प्रिंटरला दिला जातो. काही राउटर अशा वेळी दुसऱ्याच्या वतीने ओ देतात. त्याने काम भागते, पण चूक झाकली जाते आणि राउटर बदलल्यावर वर्षभराने उघडी पडते. उलट चूकही होते. जाळे /२४चे, गेटवे १९२.१६८.१०.१ आणि संगणकाला मास्क दिला /२६चा. आता त्याच्या मते गेटवेच त्याच्या हद्दीबाहेर आहे. आजूबाजूचे मोजके संगणक दिसतात, बाहेरचे काहीच नाही. विंडोज याविषयी इशारा देते, पण ‘ओके’ दाबायची सवय इशाऱ्यापेक्षा जबर असते. सर्वांत छळवादी प्रकार एकतर्फी मतभेदाचा. संगणक सर्व्हरला थेट पाठवतो, सर्व्हर मात्र उत्तर गेटवेमार्फत धाडतो. मध्ये फायरवॉल (ये-जा तपासून अडवणारी यंत्रणा) असेल तर तिला संभाषणाची अर्धीच बाजू दिसते आणि ती जोडणी तोडते. पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ अशी नुसती हाक, कधी चालतो, फाइल मात्र उघडत नाही.

म्हणून तक्रार आली की आधी विंडोजवर आयपीकॉन्फिग ही आज्ञा चालवा आणि पत्ता, मास्क, गेटवे हे तिन्ही एकत्र वाचा. पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर मास्कचा विचार सोडा. पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर भेटला नाही म्हणून संगणकाने तो स्वतःच घेतला आहे. केबल, स्विचचे पोर्ट, व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेले वेगळे जाळे) या क्रमाने पाहा. भलताच, पण सुबक दिसणारा पत्ता असेल, जाळे १०चे आणि पत्ता १९२.१६८.०चा, तर बहुधा कुणीतरी घरचा वायफाय राउटर आणून भिंतीच्या सॉकेटात त्याचे लॅनचे, म्हणजे आतल्या जाळ्याचे, टोक खुपसले आहे आणि तोही पत्ते वाटत सुटला आहे. प्रिंटर अधूनमधून गायब होत असेल तर त्याला हाताने दिलेला पत्ता डीएचसीपीच्या वाटपात तर येत नाही ना, हे बघा. वाटप १०० ते २०० ठेवा, प्रिंटर आणि कॅमेरे ५०च्या आत. भांडण मिटते.

आता आखणी. एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयाला १९२.१६८.२०.०/२४ एवढ्यातच भागवायचे आहे असे धरू. प्रयोगशाळेत १०० संगणक, ४५ कॅमेरे, कार्यालयात २० यंत्रे आणि दोन इमारतींच्या राउटरांमधला एक दुवा. मोठ्यापासून सुरुवात करायची. प्रयोगशाळेला /२५, ० ते १२७. कॅमेऱ्यांना /२६, १२८ ते १९१. कार्यालयाला /२७, १९२ ते २२३. दुव्याला /३०, २२४ ते २२७, त्यात वापरायला २२५ आणि २२६. उरलेले २२८ ते २५५ पुढच्या गरजेला. लहानापासून सुरुवात केली की घोटाळा होतो. कार्यालयाला ० ते ३१ देऊन कॅमेऱ्यांचा /२६ ‘पुढे लगेच’ ३२पासून सुरू करावासा वाटतो. तसे सबनेटच नाही. /२६ फक्त ६४च्या पटीवर सुरू होतो. राउटरला १९२.१६८.२०.३३/२६ दिला तर तो त्याला ० ते ६३ समजतो आणि कार्यालयाच्या पट्ट्यावर चढतो म्हणून नाकारतो.

ही कसरत परीक्षेत उत्तम, आणि विकत घेतलेल्या सार्वजनिक पत्त्यांसाठी अपरिहार्य. आतल्या, खासगी पत्त्यांच्या बाबतीत एवढा चिकटपणा कशाला? फेब्रुवारी १९९६पासून १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६ हे तीन पट्टे याच कामासाठी फुकट आहेत. (मधला १७२.३१पर्यंतच. १७२.३२ दुसऱ्या कुणाच्या तरी मालकीचा आहे, हे विसरणारे पुष्कळ.) प्रत्येक विभागाला सरळ /२४ द्या आणि तिसऱ्या खान्यात व्हीलॅनचा क्रमांक टाका. व्हीलॅन ३०चे जाळे १०.१.३०.०/२४. रात्री दोन वाजता कागद न शोधता कळते.

नव्या कार्यालयात १९२.१६८.०.० किंवा १९२.१६८.१.० ठेवू नका. बहुतेक घरगुती राउटर याच पत्त्यांवर येतात. घरून व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटमधून कार्यालयापर्यंत काढलेल्या खासगी बोगद्याने, काम करणाऱ्याला कार्यालयाचा १९२.१६८.१.१० वरचा सर्व्हर हवा असतो, पण त्याच्या संगणकाच्या मते तो पत्ता त्याच्याच दिवाणखान्यात आहे, म्हणून पाकीट बोगद्यात शिरतच नाही. जाळ्याचा पट्टा नंतर बदलणे म्हणजे भरल्या घराच्या भिंती हलवणे.

मंगल कार्यालयांच्या वायफायचे दुखणे वेगळे. /२४मध्ये २५४ पत्ते, त्यातला एक राउटरचा. पाहुणे चारशे. त्यात सकाळच्या मुहूर्ताला येऊन गेलेल्यांचे पत्ते वाटपाची मुदत संपेपर्यंत अडकून राहतात. विंडोज सर्व्हरच्या डीएचसीपीत ही मुदत मुळात ८ दिवसांची असते. ती दोन तासांवर आणा आणि मास्क /२२ करा. १,०२२ पत्ते मिळतात. मास्क मात्र राउटरवर आणि वाटपात, दोन्हीकडे बदलायचा.

‘घरचा सीसीटीव्ही बाहेरून का दिसत नाही’ याही प्रश्नाचे उत्तर बरेचदा पत्त्यातच असते. राउटरच्या स्थितीच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यातला असेल तर सेवा देणाऱ्या कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे. जगाच्या कोठारातले आयपीव्ही-४चे शेवटचे मोठे गठ्ठे फेब्रुवारी २०११मध्ये वाटून संपले, त्याचा हा परिणाम. अशा ठिकाणी पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी आतल्या यंत्राकडे वळवणे) कितीही नीट केले तरी व्यर्थ. स्थिर सार्वजनिक पत्ता मागून घ्या, नाहीतर व्हीपीएन किंवा आयपीव्ही-६ वापरा. आयपीव्ही-६मध्ये पत्ता १२८ बिटांचा आणि साध्या लॅनला /६४ द्यायचा हा शिरस्ता. यंत्रे मोजत बसायचे कामच नाही, फक्त जाळी मोजायची. /५६ मिळाला तर २५६ जाळी.

शेवटी दोन दुरुस्त्या. चौकटीत उदाहरण म्हणून छापलेला १९२.१६८.१.२५६ हा पत्ता असूच शकत नाही. आठ बिटांच्या खान्यात २५५च्या पुढे आकडा जात नाही. आणि दुसऱ्या उदाहरणात दिलेला सार्वजनिक पत्ता खरोखर कुणाला तरी दिलेला असू शकतो. छापण्यासाठी म्हणूनच तीन पट्टे राखून ठेवलेले आहेत: १९२.०.२.०/२४, १९८.५१.१००.०/२४ आणि २०३.०.११३.०/२४. पुढच्या वेळी उदाहरण यांतले घ्यावे, आणि मास्कसह छापावे, ही विनंती.

आपले,
नेटवर्क देखभालीच्या कामातले दोन वाचक, पुणे